बॉनेटखालची घरघर

बॉनेटखालून येणारी प्रत्येक कुरकुर अल्टरनेटरची नसते. बऱ्याच गाड्यांत एकच पट्टा अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि पाण्याचा पंप फिरवतो; त्यामुळे दुसऱ्याच भागाच्या आवाजापायी कधीकधी नाहक अल्टरनेटर बदलला जातो.

थंड इंजिन चिरकून थोड्या वेळाने गप्प झालं, तर संशय पट्ट्यावर. घरघर मात्र बहुधा बेअरिंगची. इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेतं तेव्हा अल्टरनेटर 5000 च्या आसपास पोचलेला असतो, म्हणून झिजलेलं बेअरिंग वेगासोबत जास्तच ओरडतं. जुने मेकॅनिक लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या कवचाला टेकवून मूठ कानाशी धरतात. युक्ती फुकटची आणि भरवशाची, फक्त बाही पट्ट्यापासून लांब हवी! खात्रीसाठी इंजिन बंद करून पट्टा काढावा आणि अल्टरनेटरची पुली हाताने फिरवावी. ती खरखरली किंवा डुगडुगली, की निदान झालं.

हेडलाइट लावताच गुणगुण वाढली, तर अल्टरनेटरमधला डायोड बिघडलेला असू शकतो. अशा वेळी चार्जिंगचा व्होल्टेज मोजावा. सगळं ठीक असेल, तर इंजिन चालू असताना तो साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट असतो.

चालू इंजिनात बॅटरीची वायर काढून बघण्याचा जुना प्रयोग मात्र कोणी करू नये. व्होल्टेज उसळून ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, जळू शकतो.