गोड गोड बोला... पण कुणाशी?

आमचं गाव मुळशीतलं, पौडच्या पुढे. संक्रांतीनंतर बचत गटाचं हळदीकुंकू यंदा माझ्याच ओसरीवर होतं. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या आणल्या होत्या. उखाणे झाले, हसणं-खिदळणं चाललं होतं. एवढ्यात गटातल्या सर्वांत धाकट्या सुनेनं विचारलं, "काकू, मावशी नाही आल्या?"

मावशी म्हणजे आमच्या गटाचा हिशेब सांभाळणाऱ्या. नवरा जाऊन चार वर्षं झाली. हप्ते गोळा करायला, बँकेत जायला त्याच लागतात. हळदीकुंकवाला मात्र... कुणी बोलावलं नव्हतं. खरं सांगते मैत्रिणींनो, मीच बोलावलं नव्हतं.

"आज गोडाचा दिवस, हा विषय कशाला?" एक जण म्हणाली. तशी ती पोर उसळलीच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ठराव करून नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद केलं, त्याच महिन्यात सरकारनंही हेरवाडचा कित्ता गिरवा म्हणून परिपत्रक काढलं, सगळं घडाघडा सांगितलं. इथवर ठीक. पण पुढे "तुम्ही सगळ्या अडाणी" असंही बोलून गेली. झालं! माझ्या थोरल्या जाऊबाई उठल्या, पाठोपाठ आणखी तिघी. वाट्या तशाच राहिल्या.

रात्री झोप लागेना. पोरीचं तोंड फटकळ, कबूल. पण तिला गप्प करताना आम्ही सगळ्या 'मोठ्यांशी कसं बोलावं' यावरच अडून बसलो, मावशींचं नाव पुन्हा कुणी घेतलंच नाही. याच मुळशीत १९२१ साली धरणात जमिनी जाऊ नयेत म्हणून सत्याग्रह झाला, त्यात बायकाही उतरल्या होत्या. आणि आम्हाला ओसरीवरचा एक प्रश्न झेपला नाही! बरं, जाऊबाईंचंही मला कळतं. त्यांच्या मुलाचं नुकतंच लग्न झालंय. मावशींचा अपमान करायचा नव्हता त्यांना, जीव घाबरतो त्यांचा. घाबरलेल्या बाईला अडाणी म्हटल्यावर ती थांबून ऐकेल कशी?

दुसऱ्या दिवशी वाटी नि करंडा घेऊन मावशींकडे गेले. "कुंकू लावू का?" म्हटलं. वाटलं होतं, त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. (सिरियली बघून बघून आपली अशी सवय झालीये!) त्यांनी वाटी तेवढी घेतली.

"काल चारचौघींत बोलवाया लाज वाटली, आज गुपचूप लावाया आलीस व्हय? आन् माझ्यावरून एवढं भांडलात, मला इचारलं का कुणी, मला लावायचंय का नाय ते?"

मी गप्प. चहा झाला. मग त्याच म्हणाल्या, ग्रामसभेच्या आधी बायकांची सभा असते ना, तिथे मी बोलणार.

"त्या पोरीला सांग, मला मधी तोडू नको. आन् तुझ्या जावंला घिऊन ये. पुढं बसव, तिला ऐकायला कमी येतं."