मधुमेहाची देखभाल – लेखांक ६ : इन्सुलिनची साठवण

इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्यांचे प्रथिन आहे. या साखळ्यांची घडी शाबूत असते तोवरच ते रक्तातली साखर उतरवते. उष्णता, ऊन आणि सततचे हिंदकळणे यांनी घडी उलगडते, रेणू एकमेकांना चिकटतात आणि औषधाचा जोर ओसरतो. बाटली मात्र पुष्कळदा पूर्वीसारखीच नितळ दिसते, आणि खरी अडचण तीच आहे.

न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायची असते. घरात उन्हाची भीती सगळ्यांनाच असते. गोठण्याकडे मात्र दुर्लक्ष होते. एका दाराच्या लहान फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याखालचा ट्रे सर्वांत धोक्याचा. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर चांगले दिसले तरी टाकूनच द्यावे. मधला कप्पा, मागच्या भिंतीपासून दूर, ही सुरक्षित जागा.

वापरात घेतलेली बाटली किंवा पेन बाहेर ठेवता येते. बहुतेक प्रकार २५ ते ३० अंशांपर्यंत सुमारे चार आठवडे टिकतात. डेग्लुडेकसारखे काही ५६ दिवस. नेमका आकडा सोबतच्या माहितीपत्रकात असतो. उघडल्याची तारीख लेबलवर लिहावी आणि मुदत संपली की उरलेले औषध वापरू नये.

पण विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि वीजही जाते. अशा घरांसाठी माठ हा भरवशाचा उपाय आहे. एका मडक्यात दुसरे लहान मडके, मधे ओली वाळू, आतल्या कोरड्या मडक्यात घट्ट झाकणाच्या डब्यात इन्सुलिन. पाण्याची वाफ होताना उष्णता ओढली जाते. माठात फ्रीजइतका गारवा नसतो, मग इन्सुलिन टिकते का? हे तपासायला केनियातल्या दादाब निर्वासित छावणीतल्या तापमानाच्या नोंदी घेऊन, २५ ते ३७ अंशांतला चढउतार प्रयोगशाळेत चार आठवडे घडवून पाहिला गेला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात इन्सुलिनची ताकद टिकल्याचे आढळले. हा दिलासा मोठा आहे, तरी तो ३७ अंशांपलीकडे ताणू नये. शिवाय माठाला कोरडी हवा लागते. कोकण-गोव्याच्या दमट हवेत किंवा पावसाळ्यात तो फारसा गार होत नाही.

प्रवासात इन्सुलिन हातातल्या पिशवीत असावे. उन्हात उभ्या गाडीत ते तापते, विमानाच्या सामानकक्षात गोठू शकते. बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळावी, बाटलीला थेट टेकवू नये.

नितळ इन्सुलिन गढूळ झाले, किंवा दुधाळ इन्सुलिन तळव्यांत हलके घोळवूनही गुठळ्या राहिल्या, तर ते वापरू नये. दिसायला ठीक असूनही शुगर विनाकारण चढत असेल तर टोचण्याच्या जागी गाठ आहे का, ताप आहे का, सिरिंज कोणती, हे पाहावे. भारतात बाटली (व्हायल) बहुधा दर मिलिलिटरला ४० युनिटची आणि पेनचे कार्ट्रिज दर मिलिलिटरला १०० युनिटचे असते. ४० युनिटच्या व्हायलला लाल टोपणाचीच सिरिंज हवी. नारिंगी टोपणाच्या १०० युनिटच्या सिरिंजने तेवढ्याच खुणेपर्यंत भरल्यास डोस निम्म्याहून कमी पडतो. यातले काही नसेल तर नवी बाटली उघडावी आणि डॉक्टरांना कळवावे. मनाने डोस वाढवू नये.

टाइप १ मधुमेहात शुगर चढलेली असताना उलट्या किंवा धाप सुरू झाली तर बाटलीची चौकशी करत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा.