शस्त्रवैद्य मासे : त्यांचा सलोखा व त्यांचें आरोग्य

गेल्या पावसाळ्यांत इयत्ता आठवींतील एका विद्यार्थ्यानें मला एक प्रश्न विचारिला. त्याच्या घरीं खाऱ्या पाण्याची एक काचेची टांकी आहे. तींत एक पिवळा मासा दोन वर्षें सुखानें नांदत होता. तो एकटा कंटाळत असेल अशा समजुतीनें वडिलांनीं त्याच्याच जातीचा दुसरा मासा आणून टांकींत सोडिला. चौथ्या दिवशीं सकाळीं तो नवा मासा दगडाच्या कपारींत मरून पडलेला आढळला; त्याचे पर फाटले होते व दोन्ही कुशींवर चाकूनें ओढल्यासारख्या रेघा होत्या. "सर, आमचा मासा दुष्ट आहे काय?" असें त्या मुलानें विचारिलें, आणि विचारतां विचारतां त्याचे डोळे भरून आले. "मासा दुष्ट नाहीं, त्याचें घर लहान पडलें," एवढेंच उत्तर मीं त्या वेळीं दिलें. त्या उत्तराचा अर्थ येथें विस्तारानें सांगावा असें योजिलें आहे. ज्यांच्या घरीं अशी टांकी आहे त्यांस त्याचा उपयोग होईल, व ज्यांच्या मनांत ती घेण्याचें आहे त्यांस तर त्याहूनही अधिक होईल.

या माशास इंग्रजींत सर्जनफिश, व बाजारांत टँग, असें म्हणतात. आपण त्यास शस्त्रवैद्य मासा म्हणूं. या कुळांत ऐंशींहून अधिक जाती आहेत. शेपटीच्या मुळाशीं दोन्ही बाजूंस अणकुचीदार कांटा असणें, ही या कुळाची खूण होय. बहुतेक जातींत हा कांटा चाकूच्या पात्याप्रमाणें खांचेंत मिटलेला असतो, व मासा शेपूट वळवितांच तो बाहेर येतो. शस्त्रवैद्याच्या नस्तराशीं असलेल्या या साम्यावरूनच त्याचें नांव पडलें. घरच्या टांकींत विशेषेंकरून दिसणाऱ्या जाती तीन. पहिला हवाई बेटांजवळ विपुल आढळणारा पिवळा मासा. तो सुमारें ८ इंच वाढतो. दुसरा निळा, ज्यास २००३ सालच्या 'फाइंडिंग नीमो' या चित्रपटांतील डोरीमुळें मुलें ओळखतात. तो पूर्ण वाढला म्हणजे फूटभर होतो. तिसरा आपल्या हिंदी महासागरांतील फिकट निळा, ज्याचें तोंड काळें व पाठीवरील पर पिवळा असतो; मालदीव व लक्षद्वीप येथील प्रवाळांत त्याची वस्ती आहे.

आतां हे मासे भांडतात कां, तें पाहूं. वाघ भांडतो तो शिकारीसाठीं. हा मासा भांडतो तो चाऱ्यासाठीं. तो बहुतकरून शाकाहारी असून सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत दगडांवरील शेवाळ खुडीत फिरतो. शेवाळाच्या घासांत सत्त्व थोडें, म्हणून त्यास दिवसभर चरावें लागतें. ज्याप्रमाणें गांवचें गायरान असतें त्याप्रमाणें प्रवाळाचा खडक हें त्याचें कुरण होय. कांहीं जाती आपल्या कुरणाची सीमा राखतात व तींत पाय टाकणाऱ्यास, म्हणजे पर टाकणाऱ्यास, हांकून देतात. हवाई बेटांजवळ मनिनि नांवाचा पट्टेदार शस्त्रवैद्य मासा आहे. तो मोठ्या थव्यानें दुसऱ्याच्या कुरणावर चालून जातो. राखण करणारा एक, आणि चरणारे शेंकडों, तेव्हां तो किती जणांस हांकलणार! यावरून आपल्या लक्षांत येईल कीं, या भांडणाचें मूळ पोटाच्या खळगींत आहे. तेंच खाणारा व तसाच दिसणारा मासा हा त्याचा खरा प्रतिस्पर्धी. म्हणून पिवळा पिवळ्यावर जितक्या त्वेषानें तुटून पडतो, तितका तो लहान रंगीत माशांवर पडत नाहीं.

समुद्रांत भांडण झालें तर हरलेला मासा पळून जातो व दोघांचाही जीव वांचतो. टांकींत पळणार कोठें? चार फुटांच्या भिंतीआड तोच शत्रु त्यास प्रत्येक फेरींत भेटतो. एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत, हें येथें अक्षरशः खरें आहे. म्हणून पहिला विचार जागेचा. एका पिवळ्या माशास निदान ४ फूट लांब व सुमारें ४०० लिटर पाण्याची टांकी हवी. निळ्या व फिकट निळ्या जातींस ६ फूट लांबी व सुमारें ७०० लिटर पाणी याहून कमी जागेंत ठेवूं नये. उंचीपेक्षां लांबी अधिक महत्त्वाची, कारण हा मासा सरळ रेषेंत दूरवर पोहणारा आहे. पालकांनीं हेंही ध्यानांत ठेवावें कीं, ७०० लिटर खाऱ्या पाण्याचेंच वजन ७०० किलोग्रॅमहून अधिक होतें. दगड व काच यांचें वजन निराळें. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यानें आधीं जमिनीचा विचार करावा. दुकानांत मासा दोन इंचांचा दिसतो, तेव्हां तो फूटभर होणार हें डोळ्यांपुढें येत नाहीं, आणि बहुतेक चुका तेथेंच होतात.

दुसरा विचार सोबत्यांचा व त्यांच्या क्रमाचा. एकाच घडणीचे दोन मासे एका टांकींत शक्य तर ठेवूं नयेत. निराळ्या घडणीचे, जसे एक पिवळा व एक निळा, पुरेशी जागा असल्यास पुष्कळदां नांदतात. टांकींत प्रथम सौम्य स्वभावाचे मासे सोडावे व तापट स्वभावाचा सर्वांच्या शेवटीं. कारण जो आधीं येतो तो सर्व टांकी आपलीच मानतो. दोन किंवा तीन शस्त्रवैद्य मासे ठेवावयाचेच असतील, तर ते लहान असतांना एकाच दिवशीं सोडणें बरें. जुन्या माशाच्या राज्यांत नवा आणावयाचा असल्यास भोंकें पाडलेल्या पारदर्शक पेटींत त्यास चारपांच दिवस टांकींतच ठेवावें. दोघे एकमेकांस पाहतात, परंतु जखम करूं शकत नाहींत. जुन्याचा राग ओसरल्यावर दगडांची मांडणी थोडी बदलावी, दिवे मालवावे व मग नव्यास मोकळें करावें. मांडणी बदलली म्हणजे जुन्याची सीमाच पुसली जाते. कित्येक जण टांकीच्या बाहेरून काचेस आरसा लावितात. जुना मासा आपल्याच प्रतिबिंबाशीं झुंजत राहतो व तेवढ्यांत नव्यास श्वास घेण्यास फुरसत मिळते. पहिल्या दिवसांत थोडा पाठलाग होणारच. परंतु नवा मासा कोपऱ्यांत दडून बसूं लागला, चारा घेईना, किंवा त्याचे पर फाटलेले दिसले, तर वाट न पाहतां त्यास वेगळें काढावें. काढतांना जाळें वापरूं नये, कारण कांटा जाळ्यांत अडकतो. प्लास्टिकच्या भांड्यानें पाण्यासकट उचलावें. आपल्या बोटांसही त्या कांट्यापासून जपावें, कारण त्याची जखम फार ठणकते.

तिसरा विचार अन्नाचा. ज्याचें पोट भरलेलें असतें त्याचा राग पुष्कळ कमी होतो. जपानी लोक खातात त्या नोरी नांवाच्या समुद्रशेवाळाचा मीठमसाला नसलेला ताव चिमट्यानें काचेस लावून ठेवावा व दिवसांतून दोनतीनदां थोडें थोडें अन्न द्यावें. एकाहून अधिक मासे असल्यास ताव दोन ठिकाणीं लावावे, म्हणजे बलवान् माशास दोन्ही पंगती अडवितां येत नाहींत. मांसाहारी माशांचें अन्न आठवड्यांतून कांहीं वेळां चालेल. परंतु तेवढ्यावरच त्यास ठेवूं नये. वरून पाहतांना मासा पाठीपेक्षां पोटाशीं बारीक दिसला, तर तो उपाशी आहे असें समजावें. प्रवाळास या माशापासून सहसा भय नसतें. उलट प्रवाळावर चढूं पाहणारें शेवाळ तो काढून टाकतो. उपाशी ठेवलेला मासा मात्र मांसल प्रवाळास टोचूं लागतो.

चवथा विचार रोगाचा. शस्त्रवैद्य माशांस, व त्यांतही फिकट निळ्यास, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग फार लवकर जडतो. क्रिप्टोकॅरिऑन नांवाचा एक एकपेशीय परोपजीवी प्राणी कातडींत व कल्ल्यांत शिरतो, तेथें कांहीं दिवस पोसतो, आणि मग गळून टांकीच्या तळाशीं कवच करून बसतो. ठिपके गेले असें पाहून मालकास वाटतें कीं मासा बरा झाला. वास्तविक त्या वेळीं कवचाच्या आंत एकाचे शेंकडों होत असतात. कांहीं दिवसांनीं किंवा आठवड्यांनीं ते बाहेर पडून त्याच माशास पुन्हा गांठतात, आणि दुसरी खेप पहिलीपेक्षां भयंकर असते. यास उपाय आपल्या आजोबापणजोबांस ठाऊक होता. प्लेगच्या सांथींत लोक गांवाबाहेर झोपड्या बांधून राहत व परगांवाहून येणारास वेगळें ठेवीत. त्याप्रमाणें नव्या माशास चार ते सहा आठवडे निराळ्या साध्या टांकींत ठेवावें. लपावयास प्लास्टिकच्या नळीचा तुकडा व हवेचा पंप एवढें तेथें पुरे. रोग दिसल्यास औषधही तेथेंच द्यावें. तांब्याच्या औषधानें हा रोग हटतो, पण त्याचें प्रमाण कसोटीनें वरचेवर मोजावें लागतें. आणि प्रवाळ, गोगलगाई व कोळंबी यांस तांबें हें विष आहे, म्हणून तें मोठ्या टांकींत कधींही घालूं नये. मोठ्या टांकींत रोग शिरलाच, तर सर्व मासे बाहेर काढून ती सुमारें अडीच महिने माशांवांचून ठेवावी. यजमान न मिळाल्यानें कवचांतून निघालेले प्राणी एकदोन दिवसांत मरतात, आणि अडीच महिन्यांत कवचेंही संपतात.

मस्तकावर व कुशीच्या मधल्या रेषेवर खळगे पडण्याचाही एक विकार या माशांस होतो. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत लिग्नाइट जातीचा कोळसा पाणी गाळण्यास वापरलेल्या टांकींतील शस्त्रवैद्य माशांस हा विकार जडला, व कोळसा नसलेल्या टांकींतील मासे निरोगी राहिले. कोळसा वापरणें असल्यास भुकटी न सुटणारा घ्यावा व आधीं स्वच्छ धुवावा.

या सर्वांचा पाया म्हणजे पाणी. नव्या टांकींत माशांच्या मलापासून होणारा अमोनिया पचविणारे जंतु वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. त्यापूर्वीं मासा सोडणें म्हणजे त्यास विषांत सोडणें होय. शस्त्रवैद्य मासा तर टांकी कांहीं महिन्यांची होऊन दगडांवर शेवाळ धरल्यावरच आणावा. उष्णमान २५ ते २६ अंश सेंटिग्रेड, विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास, व अमोनिया शून्य असावा. आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलावें. या माशास प्राणवायु पुष्कळ लागतो, म्हणून पाण्यास जोराचा प्रवाह हवा. आमच्याकडील उन्हाळ्यांत पाणी थंड करण्याची सोय, व वीज गेल्यास बॅटरीवर चालणारा हवेचा पंप, या दोन वस्तु घरांत नसतील तर टांकीचा नाद करूं नये.

प्रवाळाविषयीं एक सूचना आवश्यक आहे. आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें २००१ सालापासून खडक बांधणाऱ्या सर्व प्रवाळांस संरक्षण आहे. मालवणच्या समुद्रांतही प्रवाळ आहे. सहलीस गेलेल्या मुलांनीं त्याचा तुकडा सुद्धां उचलूं नये. शस्त्रवैद्य माशास चरण्यास व दडण्यास साधे सच्छिद्र दगडही पुरतात. मासेही पूर्वीं केवळ समुद्रांतून धरून आणीत. परंतु २०१५ सालीं हवाईमध्यें पिवळा व २०१६ सालीं फ्लॉरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत निळा मासा अंड्यापासून वाढविण्यांत यश आलें. विकत घेतांना असा पैदास केलेला मासा मिळत असेल तर तोच घ्यावा.

आणखी एक गोष्ट सांगून लेख पुरा करितों. माशाच्या कानांत एक सूक्ष्म खडा असतो व त्यावर वर्षाला एक वलय चढतें. हवाई बेटांजवळील पिवळ्या माशांचीं हीं वलयें मोजतां कांहींचें वय ४० वर्षांहून अधिक भरलें. विद्यार्थी मित्रहो, याचा अर्थ असा कीं, आठवींतल्या मुलानें आज आणिलेला मासा नीट राखिला तर तो मुलगा स्वतः बाप होईपर्यंत जगूं शकतो. देवानें मनुष्यास प्राण्यांवर अधिकार दिला आहे असें आपण शिकतों. तो अधिकार कारभाऱ्याचा आहे, आणि कारभाऱ्यास हिशेब द्यावा लागतो. खिशांतील पैशाबरोबर घरांतील जागा, हातांतील वेळ व मनांतील धीर यांचाही हिशेब आधीं करावा, व तो जुळत नसेल तर लहान जातीचे मासे पाळून आनंद मानावा.

त्या विद्यार्थ्यानें दुसरा पिवळा मासा पुन्हा आणविला नाहीं. मागील महिन्यांत त्यानें मला सांगितलें कीं, टांकींत आतां तो एकटा पिवळा व चार लहान मासे आहेत, आणि सकाळीं नोरीचा ताव लावण्याचें काम वडिलांनीं त्याच्याकडे दिलें आहे.