‘कम्यूट’ : मुळात प्रवास नव्हे, सौदा

मंडळी, ‘कम्यूट’ म्हटले की नोकरदार तरुणांना रोजची ये-जा आठवते आणि आमच्या वयाच्यांना पेन्शन. शब्द एकच. लॅटिनमध्ये ‘म्यूतारे’ म्हणजे बदलणे. आम्हा डॉक्टरांचे ‘म्युटेशन’ त्याच मुळाचे, आणि जमिनीच्या कागदांतला फेरफारही. फाशीऐवजी जन्मठेप, पेन्शनच्या काही हिश्श्याऐवजी एकरकमी पैसे, ही अदलाबदल म्हणजे कम्यूट करणे. अमेरिकेत १८४०च्या दशकात रेल्वे कंपन्यांनी रोजच्या भाड्याऐवजी सवलतीचे एकरकमी ‘कम्युटेशन तिकीट’ काढले, थोडक्यात आपला पासच. ते बाळगणारा ‘कम्यूटर’ ठरला आणि पुढे त्याची ये-जा ‘कम्यूट’. म्हणून देवासहून रोज इंदूरला जाणारा कम्यूट करतो. वर्षातून एकदा पंढरपूरला जाणारा नाही. आपल्या ‘अप-डाउन’मध्ये मात्र सवलतीचा मागमूस नाही!