मिठाचा कण आणि मिठाचा खडा

लहान कणापेक्षां मोठ्या खड्यांत मिठाची तीव्रता अधिक असली पाहिजे, असें पुष्कळांस वाटतें. पण तसें नाहीं. ठराविक घनफळांत किती द्रव्य सामावलें आहे, त्या प्रमाणास आम्ही तीव्रता म्हणतों. शुद्ध मिठाच्या स्फटिकांत ती दर घन सेंटिमीटरास सुमारें २.१६ ग्रॅम असते. खडा फोडला तर वजन व घनफळ सारख्याच प्रमाणांत घटतात. तीव्रता तीच राहते.

मिश्रणाची गोष्ट निराळी. तेंच मीठ पाण्यांत विरघळविलें कीं त्याची तीव्रता मिसळणाराच्या हातीं येते, आणि तेथें हयगय चालत नाहीं. १९७१ सालीं पश्चिम बंगालमधील बनगांवच्या निर्वासित छावणींत पटकी पसरली असतां, डॉ. दिलीप महालनबीस यांनीं दर लिटर पाण्यांत ३.५ ग्रॅम मीठ, २२ ग्रॅम ग्लुकोज व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा घालून तें रोग्यांस पाजविलें व पुष्कळांचे प्राण वांचविले.

मुलास जुलाब होऊं लागल्यास घरीं एक लिटर स्वच्छ पाण्यांत साखरेचे सहा व मिठाचा अर्धा, असे चहाचे सपाट चमचे घालावे. मीठ अधिक पडल्यास तेंच पाणी अपाय करतें. म्हणून पालकांनीं अदमासानें न घालतां मोजूनच घालावें, अशी आमची विनंती आहे.