पुस्तकांचं कपाट आणि तीन प्रकारचे फूट

देवगाव रंगारीसारख्या गावात कोणाच्या घरी पुस्तकं असतात, असं शहरातली माणसं विचारतात तेव्हा त्यांना तिथली घरं ठाऊक नसतात. कन्नड तालुक्यातल्या या गावात शिक्षकांच्या, निवृत्त कर्मचाऱ्यांच्या, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला बसलेल्या मुलामुलींच्या घरी दोनशे-अडीचशे पुस्तकं असणं काही नवलाचं नाही. अडचण असते ती जागेची. पुस्तकं माळ्यावर जातात, पत्र्याच्या पेटीत जातात, नाहीतर रिकाम्या गोणीत. घरी सुतार बसवून कपाट करायचं म्हणजे हजारोंचा खड्डा, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं असतं. या धरून ठेवलेल्या गोष्टींपैकी बऱ्याच चुकीच्या आहेत आणि त्यापायी पुस्तकं वाळवीच्या तोंडी जातात, म्हणून त्या एकेक करून तपासायला हव्यात.

पहिला गैरसमज असा, की फुटाचा भाव कळला म्हणजे खर्च कळला. पण कोणता फूट? सात फूट उंच आणि दोन फूट आठ इंच रुंद असं एक उघडं कपाट घेऊ. रनिंग फुटाने मोजलं, तर ते पावणेतीन फुटांच्या आत भरतं. समोरच्या दर्शनी भागाचे चौरस फूट धरले, तर पावणेएकोणीस होतात. आणि लागलेल्या प्लायचे चौरस फूट मोजले, तर पाठीची फळी सोडून बत्तीस, म्हणजे आठ बाय चारची एक पूर्ण शीट. कपाट तेच, आकडे तीन. एकाने चारशे रुपये फूट सांगितलं आणि दुसऱ्याने नऊशे, तर चारशेवाला स्वस्त असेलच असं नाही. तो फक्त मजुरीचा भाव सांगत असेल, किंवा प्रत्येक फळी वेगळी मोजत असेल. म्हणून भाव ऐकताना तीनच गोष्टी विचाराव्यात: कोणता फूट, माल धरून की मालाशिवाय, आणि पाठ, कडपट्टी, पॉलिश त्यात आलं का. ही उत्तरं कागदावर घ्यावीत. चांगल्या सुताराला याचा राग येत नाही. काम संपल्यावर होणारी कुरबुर त्यालाही नको असते.

आता हे दोन फूट आठ इंच कुठून आले ते सांगतो, कारण खर्चाची खरी किल्ली तिथे आहे. प्लायची शीट शहाण्णव इंच लांब आणि अठ्ठेचाळीस इंच रुंद असते. तिच्या लांबीत साडेनऊ इंचांना किंचित कमी अशा पाच पट्ट्या निघतात. दोन पट्ट्या दोन्ही बाजूंना गेल्या. उरलेल्या तीन पट्ट्यांतून साडेतीस इंचांच्या प्रत्येकी तीन फळ्या, म्हणजे एकूण नऊ. आठ फळ्यांत वर-खाली धरून सात कप्पे होतात आणि नववी फळी खालच्या पायपट्टीला जाते. एका शीटमध्ये जवळपास अठरा फूट लांबीची मांडणी! साधारण जाडीची पुस्तकं फुटाला बारा ते पंधरा बसतात, म्हणजे दोनशेच्या वर पुस्तकांची सोय झाली. आता हौसेने रुंदी पूर्ण तीन फूट केली, तर एका पट्टीतून तीनऐवजी दोनच फळ्या निघतात, दीड हात तुकडा वाया जातो आणि दुसरी शीट आणावी लागते. केवळ चार इंचांसाठी.

खोलीचंही तसंच. कपड्यांचं कपाट पाहून पुस्तकांचं कपाटही पंधरा-अठरा इंच खोल हवं असं वाटतं. नेहमीच्या आकाराचं मराठी पुस्तक साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असतं. त्याला साडेनऊ इंच खोली भरपूर होते. पंधरा इंच केली की एका शीटमधून तीनच पट्ट्या मिळतात, तेवढ्याच कप्प्यांना दोन शीटा लागतात, आणि मागच्या रांगेतली पुस्तकं पुन्हा कोणाच्या हाती लागत नाहीत. मोठ्या आकाराचे दिवाळी अंक आणि कोशांचे खंड असतील, तर सर्वांत खालचा कप्पा तेवढा उंच ठेवावा. म्हणजेच सुताराला बोलावण्याआधी टेप घेऊन पुस्तकं मोजावीत. भिंत नंतर.

रुपयांत बघायचं, तर समजा प्लाय नव्वद रुपये चौरस फुटाने मिळाला. बत्तीस फुटांचे २,८८० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ५१८, एकूण ३,३९८. भाव कमी-जास्त होईल, हिशेबाची रीत तीच राहील. शिवाय मागे सहा मिलिमीटरची पाठ, स्क्रू, फेव्हिकॉल आणि शहरातून आणायच्या शीटांचं गाडीभाडं. गाडीभाडं एका शीटला जेवढं, जवळपास तेवढंच चार शीटांना पडतं. शेजारच्याचं काम निघणार असेल तर माल एकत्र आणावा. आणि पाठ वाचवू नये. ती नसली की भरलेलं कपाट बाजूला कलतं आणि सांधे ढिले होतात.

‘मरीन प्लाय घेतला की फळी वाकत नाही’, ही समजूत फार पक्की आहे. आयएस ३०३ (साधा प्लाय) आणि आयएस ७१० (मरीन) हे जे शिक्के शीटवर असतात, त्यांतला मुख्य फरक गोंद पाण्यात किती टिकतो याचा आहे. ताकदीतही थोडा फरक असतो, पण लांबीपुढे त्याचं काही चालत नाही. सारखी भरलेली फळी किती वाकेल, हे तिच्या लांबीच्या चौथ्या घातावर ठरतं. अडीच फुटांची फळी तीन फूट केली, तर बाक दुप्पट होतो. चार फूट केली, तर साडेसहापट. पुस्तकांचं वजन फुटाला सहा ते नऊ किलो भरतं आणि ते वर्षानुवर्षं हलत नाही, त्यामुळे बाक वाढतच जातो. स्वयंपाकघराच्या मोरीखाली मरीन प्लाय जरूर वापरा. बैठकीच्या खोलीत त्याच पैशांत मधला उभा आधार घ्या. पट्ट्या मात्र शीटच्या लांबीतच कापून घ्याव्यात, कारण वरच्या थराच्या रेषा त्याच दिशेने धावतात. आडव्या कापलेल्या फळीत तेवढी ताकद नसते.

तयार कपाट नेहमी स्वस्त पडतं, असंही नाही. त्यातलं बरंचसं पार्टिकल बोर्डचं, म्हणजे भुशाला गोंद घालून दाबलेल्या फळ्यांचं असतं. ते प्लायपेक्षा लवकर वाकतं, ओल लागली की फुगतं, आणि एकदा निघालेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा घट्ट बसत नाही. भाड्याच्या खोलीत दोन-तीन वर्षांसाठी ते ठीक आहे.

आता घरच्या लाकडाबद्दल, कारण मराठवाड्यात हा विषय निघतोच. जुनं माळवदाचं घर पाडून स्लॅबचं बांधलं, की तुळया आणि खांब परसात पडून राहतात. त्यात सागवान असेल, तर ते सोनंच आहे. पाऊणशे वर्षं वाळलेलं लाकूड विकत मिळत नाही. पण ते फुकट नाही. आत दडलेले खिळे आरा आणि रंधा बिघडवतात, कापायचे पैसे लागतात, बाहेरचा किडका भाग टाकून द्यावा लागतो, आणि साडेनऊ इंचांची फळी करायला दोन तुकडे जोडावे लागतात. सुताराचे दिवस त्यात जातात. माझ्या मते या सागाच्या फळ्या करूच नयेत. त्याच्या दीड इंच उंचीच्या पट्ट्या कापून प्लायच्या फळ्यांच्या पुढच्या कडेला उभ्या चिकटवाव्यात. एवढ्याने फळीचा बाक निम्म्याहून कमी होतो, प्लायची उघडी कड झाकली जाते, आणि आजोबांच्या घरातलं लाकूड रोज हाताला लागतं. बांधावरचं उभं झाड तोडून कपाट करायचं असेल, तर मात्र आधी परवानगीचं बघावं. महाराष्ट्रातल्या १९६४च्या वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत साग, आंबा, चिंच, जांभूळ ही झाडं आहेत; ती स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगी लागते. आणि ओलं लाकूड इंचाच्या जाडीला सुमारे एक वर्ष सावलीत वाळवल्याशिवाय वापरू नये.

काचेची दारं वाळवी अडवतात, हे खरं नाही. दारं धूळ अडवतात. वाळवी जमिनीतून आणि भिंतीतून येते, बहुधा कपाटाच्या पाठीमागून. कपाट भिंतीपासून दोन बोटं पुढे आणि जमिनीपासून तीन इंच वर ठेवलं, तर तिची मातीची नळी दिसते तरी. दारांमुळे बिजागऱ्या, काच आणि मजुरी असं सगळं वाढतं. खर्च कमी करायचा असेल, तर पहिल्यांदा दारं काढावीत. पुढे कधीही बसवता येतात.

ज्यांचं घर अजून बांधायचं आहे, त्यांनी तर प्लायचा विचार करण्याआधी कडप्प्याचा करावा. स्वयंपाकघरात आपण डब्यांसाठी कडप्प्याचे कप्पे बिनबोभाट घालतो, पण तेच पुस्तकांना चालतील हे सुचत नाही. हा दगड वाळवी खात नाही. दर अडीच फुटांवर उभा आधार दिला, की पुस्तकांच्या वजनाची काळजी राहत नाही. बांधकामाच्या वेळी गवंडी तिथे असतोच, त्यामुळे नंतर भिंत फोडायचा खर्च टळतो. जागा तेवढी नीट निवडावी: न्हाणीघराला लागून असलेली भिंत नको, पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंतही नको. दोन खोल्यांमधली कोरडी भिंत घ्यावी आणि कप्प्यांची उंची गवंड्याला अंदाजाने न सांगता पुस्तकं समोर ठेवून दाखवावी.