स्मार्टफोनची स्पर्धा आणि ग्राहकाचा हप्ता

तंजावर मराठी वाचकाला परिचित आहे ते भोसले राजवटीमुळे आणि सरस्वती महाल ग्रंथालयामुळे. कावेरीकाठच्या या भातप्रदेशात सांबा हंगामाचे पीक पोंगलच्या सुमारास घरात येऊ लागते आणि शेतकरी कुटुंबात मोठ्या खरेदीचा विचार सुरू होतो. आज त्या खरेदीत स्मार्टफोनही असतो. दुकानात शेजारी-शेजारी मांडलेले हे फोन मात्र वस्तुतः तीन वेगळ्या स्पर्धांत उतरलेले असतात.

पहिली स्पर्धा सुमारे दहा हजार रुपयांच्या आतील फोनची. येथे नफा अत्यल्प असतो आणि शे-दोनशे रुपयांच्या फरकानेही ग्राहक दुसरीकडे वळतो. मायक्रोमॅक्स, कार्बन, लावा या भारतीय कंपन्यांनी एकेकाळी याच बळावर मुसंडी मारली होती.

दुसरी स्पर्धा मध्यम किमतीची. शाओमीने २०१४ मध्ये केवळ ऑनलाइन विक्री करून वितरणाचा खर्च वाचवला आणि २०१७ च्या अखेरीस भारतात सॅमसंगला मागे टाकले. ओप्पो आणि विवो यांनी उलट मार्ग धरला. त्यांनी लहान शहरांतील दुकानदारांना हाताशी धरले.

तिसऱ्या, उच्च स्तरावर ॲपल व सॅमसंग यांची चढाओढ प्रतिष्ठा, कॅमेरा आणि दीर्घकाळ मिळणाऱ्या सॉफ्टवेअर सुधारणांवर चालते.

या क्षेत्रात अग्रस्थान टिकेलच याची शाश्वती नसते. तामिळनाडूतीलच श्रीपेरुंबुदूर येथे २००६ मध्ये सुरू झालेला नोकियाचा कारखाना २०१४ मध्ये बंद पडला. त्याच परिसरात पुढे आयफोनची जुळणी होऊ लागली. म्हणून किमतीइतकेच विक्रीपश्चात सेवेकडेही लक्ष द्यावे.

महागडा फोन आवाक्यात आणतो तो मासिक हप्ता. ‘शून्य टक्के व्याज’ ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना स्पष्ट केले होते. समजा, एक फोन दरमहा २,००० रुपयांच्या १२ ‘बिनव्याजी’ हप्त्यांत, म्हणजे २४,००० रुपयांना मिळतो. तोच रोखीने २२,५०० रुपयांना मिळतो. सोडून दिलेली १,५०० रुपयांची सवलत हेच व्याज होय आणि त्याचा वार्षिक दर सुमारे १२ टक्के पडतो. प्रक्रिया शुल्क असल्यास भार आणखी वाढतो.

तेव्हा दुकानात प्रथम रोखीची किंमत विचारावी, हप्त्यांची बेरीज तिच्याशी ताडून पाहावी आणि मगच निर्णय घ्यावा. कंपन्यांच्या स्पर्धेचा लाभ जाणत्या ग्राहकालाच मिळतो.